खारा शिंगाळा घेऊन बेंबळीला

कोलंबोच्या व्यापाऱ्याचं पत्र माघात आलं आणि आमच्या गावाची झोप उडाली. मालवणच्या खाली, खाडीच्या तोंडाशी आमचं गाव. दोन पिढ्या आमच्याकडचा शिंगाळा मासा आणि मुशी चिरून, मिठात दाबून, वाळवून, गोणपाटात शिवून कोलंबोला जात होती. थोडा माल रंगूनलाही जायचा, पण ते गिऱ्हाईक आधीच सुटलं होतं. आता कोलंबोच्या सरकारने बाहेरच्या मालावर बंधनं घातली होती, आणि आमच्या व्यापाऱ्याने दोन ओळींत हात वर केले. एकाच दारावर इतकी वर्षं विसंबून राहायचं नसतं, हे शहाणपण आम्हाला ते दार बंद झाल्यावर सुचलं.

मी मच्छीमार सोसायटीचा चिटणीस. पेशाने मास्तर. चिटणीस झालो तो केवळ माझं अक्षर चांगलं म्हणून, पण पुढेपुढे मला वाटायला लागलं की डोकंही चांगलं आहे.

त्याच सुमाराला मुंबईच्या एका बर्फाच्या कंपनीचा माणूस गावात येऊन गेला. अमेरिकेला कोलंबी हवी होती, सोललेली, बर्फात गोठवलेली. खाऱ्या माशाचं नाव काढलं की तो नाक मुरडायचा. त्याला आमचं खारवणीचं आवार भाड्याने हवं होतं. कोलंबी सोलायला मुली तो केरळातून आणणार होता. म्हणजे आमच्या आवारात मासे खारवणाऱ्या अकरा बायका आणि त्यांची मुख्य शेवंताकाकी, सगळ्या घरी. सभेत भांडणं झाली. शेवटी ठरलं की खाऱ्या मालाला महिन्याभरात नवं गिऱ्हाईक मिळालं तर आवार राहील, नाहीतर कंपनीला द्यायचं. गिऱ्हाईक शोधायला मी जायचं आणि सोबत शेवंताकाकी, कारण मालातलं तिला कळतं. सौदा दोघांच्या संमतीनेच करायचा, असंही ठरावात लिहिलं गेलं. ते मीच लिहिलं.

कुठे जायचं हेही मीच ठरवलं. शाळेच्या नकाशात मी समुद्रापासून पट्टी लावली. जितकं समुद्रापासून लांब तितकी माशाची भूक जास्त, असा माझा हिशेब होता. त्यात तुरीची डाळ घेऊन आलेला मुरुमचा एक ट्रकवाला आमच्याकडे खारा मासा जेवून गेला होता आणि जाताना म्हणाला होता, "आमच्या मुरुमला आणा की. माझा मामा सुकट इकतो. हातोहात उडंल." मुरुम उस्मानाबाद जिल्ह्यात. मुलांना मी हा जिल्हा शिकवत असे: पाऊस कमी, ज्वारी, तूर, नद्या हंगामी. हे सगळं पाठ असून त्याचा अर्थ मला कळला नव्हता.

मुरुम

सोलापूरला लॉजवाल्याने आम्हाला आत घेतलं नाही. आमच्या दोन गोणपाटांच्या वासाने तो जिना उतरून खाली आला आणि रस्त्यापर्यंत पोचवून गेला. शेवंताकाकीने उलट त्यालाच विचारलं, "तुका वास कसलो येता रे?" तिला खरोखरच येत नव्हता. पंचावन्न वर्षांची बाई, मनगटं पुरुषासारखी, बोटांच्या पेरांत मिठाने पडलेल्या चिरा. गाव सोडून ती कणकवलीच्या पुढे कधी गेली नव्हती. एसटीच्या खिडकीतून ती सारखी बाहेर पाहत होती आणि जसजशी झाडं कमी होत गेली तसतशी बोलणं कमी करत गेली. उमरग्याच्या अलीकडे काळी जमीन सुरू झाली. चैत्र संपत आला होता. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, लांबवर एखादी बाभूळ, आणि वर नुसतं पांढरं आभाळ. "खंय हाडलात माका, मास्तरानूं?" एवढंच ती म्हणाली.

ट्रकवाल्याचा मामा खाजासाब मुरुमच्या बाजारात सुकट-बोंबील विकत असे. पांढरी दाढी, डोळे बारीक, माणूस अतिशय अदबीचा. त्याने आम्हाला दुकानामागच्या खोलीत उतरवलं. गुळाचा चहा आला तेव्हा मुसलमानाच्या घरचा म्हणून मी कप हातात धरून क्षणभर थांबलो. काकी थांबली नाही. माझा निवायला लागला तोवर तिने आपला संपवला होता. जेवणात ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. भात मागायची मला हिंमत झाली नाही. काकीने भाकरी पाण्यात बुडवून खाल्ली, कोरडी तिच्या घशाखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार. खाजासाबने आपल्या ढिगांशेजारी आमच्या शिंगाळ्याला जागा दिली. बोंबील सौराष्ट्राकडचे, सुकट मुंबईकडची. सगळं नुसतं उन्हात वाळवलेलं, मिठाचा कण नाही. त्यांच्या शेजारी आमचा माल हातभर लांब, पांढऱ्या मिठाने लखलखलेला, शेपटीपर्यंत एका चिरेत उघडलेला. मला अभिमान वाटला. लोक येत, थांबत, बोटाने दाबून पाहत. एका सीमेकडच्या बाईने तुकड्याला जीभ लावली, "उप्पु, उप्पु," म्हणत थुंकली आणि पुढे गेली. कानडीत मीठ म्हणजे उप्पु, हे खाजासाबने सांगितलं. ज्यांनी थांबून चौकशी केली त्यांचा प्रश्न एकच होता.

"किती येळा धुवावं लागतंय?"

"तीन वेळा," मी मोठ्या आवाजात सांगत होतो. "तीन वेळा धुतला की लोण्यासारखा!"

हे मी दिवसभर सांगितलं. दिवेलागणीला दोन तुकडे गेलेले होते आणि खाजासाबचे बोंबील संपले होते. त्याने मला बाजूला घेतलं.

"मास्तर, माल खराब न्हाय. एक नंबर हाय. पर आमी सुकट तव्यावर भाजतो, हातानं चुरतो, तेल-तिखट टाकतो, झालं काम. थेंबभर पानी लागत न्हाय. तुमच्या मालाला पानी लागतंय."

"मग बिनमिठाचा वाळवून आणतो."

काकी मागे उभी होती. ती म्हणाली, "नाय जमाचा. बोंबील पातळ, एका उन्हात सुकता. शिंगाळो जाडो आणि तेलकट. मीठ नाय घातला तर तिसऱ्या दिसा किडे पडतत. आणि बोंबील आमच्या दर्यात गावना नाय." वीस वर्षं मी आमच्या गावात होतो आणि हे मला ठाऊक नव्हतं. सोसायटीच्या चिटणीसाने हे आधी विचारायला हवं होतं.

खाजासाबने धीर दिला. बाजारातले लोक चोखंदळ झालेत, खेड्यात जाऊन बघा. बेंबळीला माझी बहीण रहिमतबी आहे, तिच्याकडे उतरा, गाव मोठं आहे. निघताना त्याने बहिणीसाठी डाळ बांधून दिली आणि आमच्याकडून एक तुकडा विकत घेतला. तो आमच्या मनासाठी घेतला, हे आम्हा दोघांनाही कळलं.

बेंबळी

बेंबळीला आमच्या हातून जे घडलं ते लिहिणं मी बरेच दिवस टाळत होतो.

रहिमतबीचं घर गावाच्या कडेला, मातीचं, स्वच्छ सारवलेलं. नवरा वारलेला, मुलगा त्याच जिल्ह्यातल्या वाशीकडे तलावाच्या कामावर. घरी ती आणि सून हजरा. म्हातारीने आमचं स्वागत केलं, बसायला घोंगडं टाकलं. काकीला एकदम उत्साह आला. तीन दिवस दुसऱ्याच्या हातचं खाऊन ती कंटाळली होती, आणि बाजारात मालाचा अपमान झाला तो तिला लागला होता. "आज मी रांदतंय," तिने जाहीर केलं. "एकदा जिभेर पडूंदे, मग सांगा." चांगल्यातला चांगला शिंगाळा तिने काढला, तुकडे केले, परातीत टाकले आणि कोपऱ्यातल्या घागरीतून पाणी ओतलं.

आमच्याकडे खारा मासा धुतला की पहिलं पाणी माडाच्या मुळात ओततात. हाताला लागलेली सवय आहे ती, कोणी विचार करत नाही. काकीने मासे चोळले, दारात गेली आणि परात अंगणात उपडी केली. परत आली, पुन्हा पाणी घेतलं. "पयल्या पाण्यात खार जाता," ती मला बोलतबोलत शिकवत होती, कारण बाजारात मी उगाच बडबड केली होती. "दुसऱ्यात वास जाता." दुसरी परातही अंगणात गेली. हजरा चुलीपाशी बसली होती. ती अर्धवट उठली आणि तशीच थांबली. रहिमतबी तिला हळू आवाजात म्हणाली, "मेहमान है. कुछ बोलना नको."

ते मी ऐकलं. आणि तरी तिसरं पाणी ओतलं जाईपर्यंत मी काही बोललो नाही, कारण काय चाललंय हे माझ्या डोक्यातच शिरलं नव्हतं. घागर तळाला लागून ठणठणली तेव्हा शिरलं. अंगणातली माती ते पाणी केव्हाच पिऊन गेली होती.

"पाणी खंय भरतास गे, बाये?" काकीने सहज विचारलं. "चल, मी हाडतंय."

हजरा म्हणाली, "लांब हाय. सकाळी गेल्ते, आत्ता आले."

 काकीने रिकामी घागर उचलली आणि हजराबरोबर निघाली. मीही मागून गेलो. ऊन असं होतं की चपलेतून पाय भाजत होते. गावची आड-विहीर आटली होती. एका मळ्यातल्या विहिरीत थोडा झरा होता. वर बायकांची रांग, सावलीला काही नाही. पाळी आली की एकेकीने कडेच्या दगडांवरून पाय रोवत खाली उतरायचं, तळाच्या खळग्यात पाणी जमेपर्यंत उकिडवं बसायचं, वाटीने घागर भरायची. एका घागरीला किती वेळ लागतो ते मी तिथे पाहिलं. आम्ही पाहुणे म्हणून त्या बायका आम्हाला पुढे जा म्हणाल्या. काकी गेली नाही. ती रांगेत उभी राहिली, आणि पाळी आली तेव्हा हजराला वर ठेवून स्वतः उतरली. लाटांत होडी ढकलणारी बाई, पण विहिरीच्या दगडांवर तिचे पाय लटपटताना मी वरून बघत होतो.

आम्ही परतलो ते पाऊण घागर घेऊन. "माका ठावक नाय होता, बाये," काकी हजराला म्हणाली. हजरा म्हणाली, "असू द्या, काकी." ती रागावली असती तर बरं झालं असतं.

त्यातलंच थोडं पाणी घेऊन रहिमतबीने मासा शिजवला, येसराचा मसाला घालून, लालभडक. खरं सांगतो, इतका चवदार शिंगाळा मी घरीही खाल्ला नाही. म्हातारी मनापासून खात होती. "लई गोड हाय," ती काकीला म्हणाली, "कोन म्हनतं वाईट?" शेजारच्या दोघी वाटी घेऊन आल्या, त्यांनाही आवडला. काकीचा चेहरा जरा उजळला. आणि मग जेवण झाल्यावर सगळ्यांना तहान लागली. तीन पाण्यांनंतरही खारा मासा शेवटी खाराच असतो. म्हातारीने तोंडाला तांब्या लावला, हजराने लावला, शेजारणींनी मागितलं, मीही प्यालो. काकी नुसती घागरीकडे बघत बसली होती. ती पाणी प्याली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही निघेपर्यंत तिने त्या घरात पाण्याला हात लावला नाही.

वाशीकडे

रहिमतबीचा मुलगा ज्या तलावाच्या कामावर होता तिथला मुकादम मजुरांच्या जेवणाचा माल घेतो, असं हजराने सांगितलं होतं. मी लगेच नकाशा उघडला. काकी मला म्हणाली की परत जाऊया. मी तिच्यावर खेकसलो. महिना संपत आला होता, हातात काही नव्हतं, आणि सभेत मी छातीठोकपणे बोललेलं सगळं मला आठवत होतं.

वाशीच्या अलीकडे, बालाघाटाच्या उघड्या टेकड्यांच्या कुशीत एका ठेकेदाराचं काम चालू होतं. बांधावर माणसं टोपल्या वाहत होती, अर्ध्याहून जास्त बायका. धूळ इतकी की त्यांचे चेहरे ओळखू येत नव्हते. मुकादम खोपटात बसला होता, मनगटावर घड्याळ. त्याने शिंगाळ्याचा तुकडा हातात तोलून पाहिला, दाताने तोडला आणि त्याला तो एकदम पसंत पडला.

"किती दिवस टिकंल?"

"वर्षभर," मी म्हणालो.

"मंग झालं की! सडत न्हाय, किडत न्हाय. आन मिठाचा म्हंजे थोडकाच लागतोय. एक तुकडा चार भाकरींना पुरंल." त्याने आमच्या गोदामातला सगळा माल मागितला. काम तीन वर्षं चालणार होतं. दर हंगामाला तो घेणार होता. मी खिशातून पेन काढलं.  आवार वाचलं, बायका वाचल्या, माझी लाजही वाचली.

तेवढ्यात पाण्याची बैलगाडी आली. बांधावरून बायका धावत उतरल्या. एका कुटुंबाला एक घागर, त्यात पिणं, रांधणं सगळं. मुकादमाचा माणूस काठी घेऊन उभा होता. काकी खोपटाच्या दारातून बघत होती.

"इचारा तेका," ती मला म्हणाली, "मासो दिल्यार पाणी वाडवतलो काय?"

मी विचारलं. मुकादम हसला. "पानी मोजून हाय, मास्तर."

"मग धुतली कशी? आणि खाल्ल्यार पितली काय? ह्या बायकांका इचारल्यानी? खातास काय म्हणान?"

मी तेही विचारलं. "त्यांला कोन इचारतंय?" मुकादम म्हणाला. "फुडं टाकंल ते खात्यात."

काकीने गोणपाट उचललं. "मी देवचंय नाय," ती म्हणाली.

मी तिला बाहेर नेलं आणि जे जे बोलायचं नव्हतं ते बोललो. तुझ्या अकरा बायकांची पोरं काय खाणार, म्हणालो. इथले लोक तुझे कोण लागतात, म्हणालो. आपण नाही दिला तर दुसरा कोणीतरी देईल, हेही म्हणालो. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कोलंबोवालो मागी होतो म्हणान आमी धाडी होतंव," ती म्हणाली. "बेंबळीच्या म्हातारेन आवडीन खाल्ल्यान. हेंका कोण इचारना नाय, मास्तरानूं. तेंच्या भाकरीर मी मीठ दाबूचंय नाय. माझ्या हातान तर नायच."

दोघांच्या संमतीशिवाय सौदा नाही, हा ठराव माझ्याच अक्षरात होता. मी पेन खिशात ठेवलं. मुकादमाने जाताना आम्हाला चहा दिला, आणि खुळ्यांकडे बघावं तसं आमच्याकडे बघत राहिला. परतीच्या प्रवासात सोलापूरपर्यंत मी काकीशी बोललो नाही. सोलापूरपासून पुढे ती माझ्याशी बोलली नाही.

घरी

सभा देवळाच्या मंडपात झाली. अकराही बायका पुढे येऊन बसल्या होत्या. मी अहवाल वाचला: मुरुमला मागणी नाही, बोंबलाशी दरात आणि सोयीत आपण टिकत नाही, बेंबळीला मागणी नाही, वाशीकडे एक गिऱ्हाईक तयार होतं पण सौदा झाला नाही. का झाला नाही, असं कोणीतरी विचारलं. मी कागद चाळू लागलो. शेवंताकाकी उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मी नको म्हटलंय."

मंडपात गलका झाला. सखू म्हणून एक बाई, जी लहानपणापासून काकीच्या हाताखाली खारवणी शिकली, ती रडत ओरडली की आमच्या पोटावर पाय देणारी तू कोण. काकीने समजावायचा प्रयत्न केला, पण तिला बोलता येईना. पाणी, विहीर, वाटी असं काहीतरी ती म्हणाली. ज्यांच्या परसातल्या विहिरीला बारमाही पाणी आहे त्यांना ते कसं कळणार? लोक हसले. मग अध्यक्षांनी मला विचारलं, "मास्तर, तुमचं मत काय होतं?"

मी म्हणालो, "मी सही करायला तयार होतो."

ते खरं होतं. सभा तिथेच संपल्यासारखी झाली. आवार कंपनीला गेलं, केरळच्या मुली आल्या, गोदामातला शिंगाळा पावसाळ्याच्या तोंडावर माडांच्या मुळात पुरला. त्या अकराजणींपैकी कोणी आजही काकीच्या दारात जात नाही. मंडपातून बाहेर पडताना ती माझ्याजवळ थांबली होती. "खरा तां सांगलात, मास्तरानूं. बरा केलात," असं म्हणाली आणि गेली. त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते मला सहन होत नाही.

सखू, जना, पार्वती, तुम्ही सगळ्याजणी, तुमच्यापैकी कोणी बेंबळीला गेलेलं नाही. मी गेलो होतो. हजरा उठता उठता थांबली ते मी पाहिलं होतं, विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरणारी शेवंताकाकी मी वरून पाहिली होती, आणि मला बोलताही चांगलं येतं. त्या दिवशी मंडपात हे सगळं मी सांगू शकलो असतो. मी एकच वाक्य बोललो आणि खाली बसलो.

हे तुमच्यापैकी जिला वाचता येतं तिने बाकीच्यांना वाचून दाखवावं.